शिरूरच्या जागी दौंड

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मला विचारू नका. सांगायला बसले की जीभ दुसरीकडंच पळते. म्हणून आधीच बजावून ठेवते: ही गोष्ट एका माणसाच्या जिंकण्याची आहे. ते जिंकले, पुरते जिंकले. त्यांना हरवायला कोण बसलं होतं, तेवढंच झाकून राहिलं.

ते म्हणजे माझे धाकटे दीर, दत्तू भावजी.

शिरूरहून चौफुल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचा फाटा लागतो. फाट्यापासून आत पंधरा मिनिटं चाललं की आमची वस्ती. मी लग्न होऊन आले तेव्हा भावजी चौदा वर्षांचे होते. दुसरीतून शाळा सुटलेली. बोलणं सावकाश, एकेक शब्द विहिरीतून शेंदून काढल्यासारखा. दहाच्या पुढं आकडे डळमळायचे. तेव्हा सगळे सरळ मतिमंद म्हणायचे, आम्हीही म्हणायचो. सासूबाई दोन वर्षांत गेल्या. जाताना त्यांनी भावजींचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "ह्याला अंतर देऊ नको." मी दिलं नाही. अंतर दिलं नाही, हेच तर माझं —

थांबा. सरळ सांगते.

मी त्यांना जीव लावला, हे खोटं नाही. त्यांना ताप आला की मी उशाशी बसायचे. पण त्यांनी माझ्यासाठी काय केलं, ते ऐका. उजाडायच्या आत गोठ्यातलं शेण काढायचं. घास कापून आणायचा. विहिरीवरून पिण्याचं पाणी आणायचं. दोन्ही वेळचं दूध फाट्यावरच्या डेअरीला घालायचं. माझ्या दोन्ही मुली त्यांच्या खांद्यावर बसून मोठ्या झाल्या. वस्तीवरच्या बायका म्हणायच्या, "नशीब काढलंस बाई, असा दीर मिळाला. शब्दानं मोडत न्हाई." मी हसायचे. मला ते खरंच वाटायचं. तोंडानं मी त्यांना 'भावजी, तुम्ही' म्हणायचे, मानानं. आणि कामं? कामं सांगताना कधी विचारलं का, की भावजी, आज दमलात का?

नव्वदीच्या मध्यावर शिरूरला भावजींसारख्या मोठ्या झालेल्या मुलामुलींसाठी एक कार्यशाळा निघाली. कागदी पिशव्या करायच्या, फायली चिकटवायच्या, रोपांच्या काळ्या पिशव्यांत माती भरायची. कांबळे मॅडम म्हणून एक बाई ती चालवायच्या. आमचे हे मंगळवारी आणि शुक्रवारी भाजी घेऊन शिरूरला जायचे, तेव्हा भावजींना मागं बसवून तिथं सोडायचे. भावजींचे ते दोन दिवस म्हणजे सणच. आदल्या दिवशी सदरा धुऊन ठेवायचे, स्वतःच्या हातानं. परत आले की मला पिशवीची घडी कशी घालायची ते दाखवायचे, आणि माझी चुकली की टाळ्या वाजवून हसायचे.

एक दिवस कांबळे मॅडम वस्तीवर आल्या. ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "दत्तूला रोज यायचंय. आणि एकट्यानं, बसनं यायचंय. त्यानं स्वतः मला सांगितलंय."

हे म्हणाले, "आन् गाडीखाली आला तर?"

"येऊ शकतो," मॅडम म्हणाल्या. "तुम्हीही येऊ शकता, मीही. म्हणूनच शिकवायचं. आधी हात धरून, मग नुसतं शेजारी चालून, मग लांबून बघून. एकदम सोडून देणार नाही मी. पण कधीच सोडायचं नाही, असंही करून चालणार नाही."

भावजी दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना माहीत होतं, ह्या घरात शेवटचा शब्द माझा असतो.

मी काय म्हणाले असेन? चांगली भावजय जे म्हणेल तेच. "मला भ्या वाटतं ओ मॅडम. सासूबाईंनी माझ्या पदरात टाकलंय. काय झालं तर वर जाऊन काय तोंड दाखवू?" डोळ्यांत पाणीही आलं. आणि ते पाणी खोटं नव्हतं, हे तर जास्त वाईट. भीती होतीच मला. रस्त्याला ट्रक असतात, माणसं वाईट असतात, कुणी फसवेल, कुणी मारेल. पण त्या भीतीच्या पोटात दुसरंच काही बसलं होतं. रोज? रोज सकाळी नऊला भावजी गेले, तर घास कोण कापणार? दूध कोण घालणार? धाकटीला कोण बघणार? — हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. स्वतःलाही नाही. काळजी म्हटलं की सगळं झाकलं जातं.

मॅडमनी मात्र हट्ट सोडला नाही, आणि ह्यांनीही शेवटी, "बघा करून," म्हटलं.

महिनाभर शिकवणं चाललं. मॅडमनी पुठ्ठ्याचा एक तुकडा कापून त्यावर तांबड्या शाईनं मोठ्या अक्षरांत 'शिरूर' लिहिलं. भावजींना वाचता येत नव्हतं. त्यांनी करायचं एवढंच: फाट्यावर उभं राहायचं, बस आली की हातातली चिठ्ठी आणि बसची पाटी जुळवून बघायची. जुळली तर चढायचं. कंडक्टरला चिठ्ठी दाखवायची. तो सांगेल तिथं उतरायचं. आधी मॅडम बरोबर आल्या. मग मॅडम बसच्या मागच्या सीटवर आणि भावजी पुढं. मग मॅडम शिरूरच्या स्टँडवर थांबायच्या आणि आमचे हे इकडून बसवून द्यायचे. प्रत्येक वेळी जमलं. भावजी पुठ्ठा छातीशी धरून बसायचे म्हणे, परीक्षेला बसल्यासारखे.

मग ठरलं: येत्या सोमवारी पूर्ण एकट्यानं. फाट्यावरही कुणी उभं राहायचं नाही.

आता इथं आले. इथून पुढं जाणं मला जड जातंय, पण जाते.

रविवारी दुपारी सगळे शेतात होते. मी थोरलीच्या वहीचा पुठ्ठा काढला. मॅडमनी कापला होता तेवढाच कापला. थोरलीचंच तांबडं पेन घेतलं. आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं — दौंड.

आमच्या फाट्यावर साधारण एकाच वेळेला दोन गाड्या येतात. एक शिरूरला जाते, दुसरी चौफुल्यावरून दौंडला. सोमवारी सकाळी भावजी अंघोळीला गेले, सदरा खुंटीवर होता. खिशातली चिठ्ठी काढली, माझी ठेवली. मॅडमची चुलीत टाकली. थांबले का मी? नाही. भाकरी करता करता केलं ते मी.

माझ्या मनात काय होतं? चुकीच्या गाडीत बसतील, चौफुल्यापर्यंत जाऊन घाबरतील, कुणीतरी ओळखीचं परत आणून सोडेल, आणि पुन्हा एकट्यानं जायचं नाव काढणार नाहीत. एवढंच. वाईट व्हावं असं नव्हतं मनात. हे मी बचाव म्हणून सांगत नाही. हे त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं, म्हणून सांगते.

ते नवा सदरा घालून, केसांना पाणी लावून निघाले. "येतो वैनी," म्हणाले. मी म्हणाले, "सांभाळून जावा."

अकराच्या सुमाराला फाट्यावरचा दुकानदार सायकल मारत आला. त्याच्या दुकानात फोन होता. मॅडमचा फोन आला होता — दत्तू पोचला नाही. दुकानदारानं भावजींना बसमध्ये चढताना बघितलं होतं, पण कुठल्या, ते ध्यानात नव्हतं. ह्यांनी गाडी काढली आणि शिरूरकडं सुटले. चुलतसासरे न्हावऱ्यापर्यंत गेले. मॅडम शिरूरचा स्टँड, बाजार, नदीचा पूल, सगळं पायी हिंडल्या. सगळे शिरूरच्या बाजूला शोधत होते.

आणि मला माहीत होतं कुठं शोधायचं.

ऐकताय ना? त्या संबंध दिवसात, त्या वस्तीवर, त्या तालुक्यात, मला एकटीला माहीत होतं. एक शब्द पुरे होता. "दौंडच्या बाजूला बघा की." एवढंही मी बोलले नाही. कारण विचारलं असतं, तुला कसं माहीत? दुपारी मला दौंडचे रूळ आठवायला लागले. एवढं मोठं जंक्शन, केवढ्या गाड्या, आणि रूळ ओलांडणारे भावजी. मी ओट्यावर बसून रडत होते आणि बायका माझी समजूत घालत होत्या. "किती गं तुझा जीव त्याच्यावर," म्हणत होत्या.

धारा काढायच्या वेळेला भावजी आले. एकटे. चालत.

काय केलं होतं त्यांनी, ते मला पुढं तुकड्या-तुकड्यानं कळलं. दौंडला उतरले. मॅडम नाहीत, कार्यशाळेची निळी भिंत नाही. रडले नाहीत. थोडं लांब जाऊन बघितलं, रेल्वेची गर्दी दिसली, तर माघारी फिरले, कारण मॅडमनी सांगितलं होतं: चुकलास तर जिथं उतरलास तिथंच ये. स्टँडवर चौकशीच्या खिडकीशेजारी बसून राहिले. भूक लागली तर डबा खाल्ला. त्यांना गाडी वाचता येत नव्हती, पण माणूस ओळखता येत होता. सकाळचा पिकल्या मिशांचा कंडक्टर दुपारी परत दिसला, तसे उठले, त्याच्या गाडीत बसले आणि त्याला आमच्या फाट्याचं नाव सांगितलं. झालं.

तुम्ही मला सांगा, ह्याला चुकणं म्हणतात? अनोळखी गावात, चुकीच्या चिठ्ठीवर पाठवलेला माणूस एकही चूक न करता घरी आला. त्या दिवशी भावजी पास झाले होते. मॅडमच्या परीक्षेत नव्हे, तिच्यापेक्षा दहापट अवघड परीक्षेत. आणि हे मला एकटीला ठाऊक होतं.

हातपाय धुवायला त्यांनी सदरा काढला. मी तो 'धुवायला टाकते' म्हणून घेतला. खिशातली चिठ्ठी चुलीत गेली. तोवर हे आले, घामानं आणि धुळीनं माखलेले, दिवसभर उपाशी.

"कुठं गेला व्हता?"

"मी बरुबर बसलो व्हतो दादा. चिठ्ठी बघून."

"कुठाय चिठ्ठी?"

भावजींनी सदरा शोधला. माझ्या हातातला सदरा घेऊन खिसा उलटा केला. "हितंच व्हती," म्हणाले. परत म्हणाले, "हितंच व्हती."

ह्यांनी त्यांना थोबाडीत मारली. जन्मात पहिल्यांदा. आणि मारून स्वतःच ओट्यावर बसून हमसून रडले. भावजी गालाला हात लावून उभे होते. मग मला म्हणाले, "म्हशीला पाणी पाजलं का, वैनी?"

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या तर ह्यांनी त्यांना ओट्याखालीच थांबवलं. काय काय बोलले ते मी इथं उच्चारत नाही, त्यांच्या जातीवरूनही बोलले, एवढं सांगते. मॅडमनी फक्त विचारलं, "चिठ्ठी बघायला मिळेल का?" हे म्हणाले, "ती बी हरवली त्यानं." मॅडम मान खाली घालून गेल्या. मी दाराआडून बघत होते.

पुढं चार वर्षं. म्हणायला सोपं आहे, चार वर्षं. मंगळवार-शुक्रवारही बंद झाला. घास वेळेवर, पाणी वेळेवर, दूध वेळेवर. माझं घर कसं चालायचं तेव्हा! फाट्यावरची टवाळ माणसं भावजींना 'दौंडकर' म्हणायला लागली. ते कधी चिडले नाहीत, पण हसलेही नाहीत. फक्त दर वेळेला सांगायचे, "मी बरुबर बसलो व्हतो." कुणालाही, पाहुण्यांना, डेअरीवाल्याला, म्हशीलासुद्धा. आणि शिरूरला मॅडमनी एकट्यानं बसनं यायचं शिकवणंच बंद केलं. मी एका माणसाची वाट बंद करायला गेले होते, तिथल्या सगळ्यांचीच झाली.

आणि मग — आता बघा भावजी काय करतात ते.

एका दुपारी ते माझ्याजवळ आले, माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "वैनी, चला." असं कधी धरलं नव्हतं. गोठ्याच्या मागं नेलं. मागची भिंत मी कितीतरी दिवसांत बघितली नव्हती. ती कोळशानं लिहून भरली होती. वाकडी, मोठी, एकमेकांवर चढलेली अक्षरं. शिरूर. न्हावरा. चौफुला. पुणे. शिरूर, शिरूर, पुन्हा शिरूर. रोज दोन वेळा दूध घालायला जायचे ना, तेव्हा डेअरीबाहेर नंबर लागेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या पाट्या बघायचे. कोण आली, कुठली आली, विचारायचे. घरी येऊन आठवून लिहायचे. कुणी शिकवलं नाही. चार वर्षं.

त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं. "ही शिरूर." मग भिंतीच्या कडेला गेले. तिथं एकटाच एक शब्द होता. त्यावर बोट ठेवलं. "ही दौंड. हिला डोक्यावर शेंड्या हायत, आन् टिकली." मग माझ्याकडं बघितलं. "त्या दिशी खिशात ही व्हती, वैनी. मला वाटलं, आज मॅडमनी दुसरीकडं बोलावलंय."

मी भिंतीला टेकले.

"चिठ्ठी चुकली व्हती," भावजी म्हणाले. आणि मग त्यांनी दोन्ही हात वर केले, तालमीत कुस्ती मारलेला पैलवान करतो ना, तसे. "मी न्हाई चुकलो! मी न्हाई चुकलो!" गोठ्यामागं नाचले ते. सहा फुटाचा माणूस. म्हैस दचकून उठली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते, आणि मला म्हणत होते, "दादाला सांगा."

तेव्हा सांगता आलं असतं. कोणी नव्हतं आसपास. मी काय म्हणाले? म्हणाले, "व्हय भावजी. चिठ्ठीच चुकली आसंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घातल्यावर ते घरी आलेच नाहीत. डेअरीवाल्याकडं कॅन ठेवले आणि फाट्यावर उभे राहिले. खिशात चिठ्ठी नाही, बरोबर कुणी नाही. पाटी वाचली आणि बसले. हे संतापून गाडीला किक मारायला निघाले, तेव्हा मी आडवी झाले. म्हणाले, "शिरूरला गेल्यात. सांजच्याला येतील." त्या सगळ्या काळात मी भावजींच्या बाजूनं बोललेलं ते पहिलं वाक्य. दुकानदार पुन्हा सायकल मारत आला, पण ह्या वेळी लांबूनच ओरडत, "पोचला! दत्तू पोचला! मॅडम फोनवर रडायला लागल्यात!" हे तसेच मातीत बसले. मग उठले आणि फाट्यावर जाऊन, ज्यांनी ज्यांनी 'दौंडकर' म्हटलं होतं त्या प्रत्येकाला पेढा चारून आले.

इथं संपलं असतं तर बरं होतं.

पुढच्या रविवारी मॅडम वस्तीवर आल्या. भावजींनी त्यांना भिंतीची सगळी हकिगत सांगितली होती. मॅडमनी त्यावर किती रात्री विचार केला असेल कुणास ठाऊक. त्या ओट्यावर बसल्या नाहीत. भावजींच्या समोर उभ्या राहिल्या, हात जोडले आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दत्तू, माझ्या हातून चुकीची चिठ्ठी लिहिली गेली असणार. मला आठवत नाही, पण दुसरं काही असूच शकत नाही. तुझी चार वर्षं माझ्यामुळं गेली. मला माफ कर."

आमचे हे मान खाली घालून उभे होते, चार वर्षांमागं त्याच ओट्यावरून काय काय बोलले होते ते आठवून. त्यांनीही हात जोडले.

आणि भावजी? त्यांनी मॅडमचे हात धरून खाली केले. म्हणाले, "आसू द्या मॅडम. व्हतं कवा कवा."

मी आत चहा करत होते. सगळं ऐकू येत होतं. चहात साखर किती घालायची तेवढं मी त्या वेळी मोजत होते. मी कप बाहेर नेले आणि एक मॅडमच्या हातात दिला. "घ्या मॅडम," म्हणाले. एवढंच म्हणाले.

चिठ्ठी बदलली ते एक. दिवसभर गप्प बसले ते दुसरं. पण ह्या चहाचं मी काय करू? एक निर्दोष बाई माझा गुन्हा स्वतःच्या डोक्यावर घेऊन माझ्याच दारात माफी मागत होती, आणि मी तिला चहा दिला.

त्यानंतर भावजींना कुणी अडवू शकलं नाही. मॅडमनी पुन्हा शिकवायला सुरुवात केली, आणि नव्यांना बस दाखवायला भावजीच जायला लागले. न्हावऱ्याच्या एका मुलीचे वडील काही केल्या तिला सोडायला तयार होईनात, तर भावजी त्यांच्या घरी गेले, आणि म्हणाले म्हणे, "मी दौंडवरनं आलोय परत. ही तर शिरूरलाच चाललीय." ती मुलगी आजही एकटी ये-जा करते. भावजींना शिरूरच्या बाहेर एका रोपवाटिकेत काम मिळालं. पिशव्या भरण्यापासून सुरुवात, आता कलमं बांधतात. हात इतका स्थिर की मालक त्यांच्याशिवाय डाळिंबाला दुसऱ्याला हात लावू देत नाही.

मग एक दिवस म्हणाले, खोली घेणार. शिरूरला, कामावरच्या सोबत्याबरोबर. मी — हो, मीच, अजूनही — म्हणाले, "आन् गॅस? भाजलं म्हंजी?" मॅडम शेजारी होत्या. म्हणाल्या, "भाजेल की. तुमच्या हातावर डाग नाहीत का चुलीचे?" मी हात पदराखाली घेतले.

भाजलंच. पहिल्याच महिन्यात, मनगटावर. मला चार दिवसांनी कळलं. भावजींनी स्वतःच गार पाण्याखाली हात धरला, दवाखान्यात गेले, मलम लावून आले आणि रात्री डाव्या हातानं खिचडी केली. मला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यांना काही वाटलंच नव्हतं.

हे सगळं मी तुम्हाला का सांगते, ते अजून मला कळलेलं नाही. मी अडाणी होते, दमलेली होते, हाताखाली माणूस नव्हतं, असं म्हणता येईल. म्हणत नाही. वस्तीवर दमलेल्या बायका पुष्कळ होत्या, आणि त्यांनी हे केलं नाही. मॅडम आता निवृत्त झाल्या आहेत. आपण तसली चूक कधी केलीच नव्हती, हे त्यांना अजून माहीत नाही.

गेल्या महिन्यात मी भावजींच्या खोलीवर गेले होते, न कळवता. वांगी आणि भाकरी घेऊन. दार भावजींनीच उघडलं. आता त्यांची मिशी पिकायला लागली आहे. खोली झाडलेली, दोन कॉट, खिडकीत तुळस आणि दोन कलमं. त्यांनी मला कॉटवर बसवलं. चहा केला, त्यांच्या गॅसवर, त्यांच्या भांड्यात. मी प्यायले, गोड झाला होता. मी म्हणाले, "भावजी, मला तुम्हाला एक सांगायचंय —"

ते घड्याळ बघत होते. त्यांना आता घड्याळ येतं. "वैनी, मला कामाला जायचंय," म्हणाले. "डाळिंबाची कलमं आल्यात. उशीर व्हतोय मला."

त्यांनी माझ्या हातातला रिकामा कप घेऊन विसळला. मला बाहेर काढलं, दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि किल्ली खिशात टाकली. दोन पावलं गेले, मग वळले. लहान मुलाला समजावतात तशा मऊ आवाजात म्हणाले,

"पुढच्या टायमाला फोन करून या वैनी. मी घरी आसंन-नसंन."